डावीकडची टाकी

सगळं गाव त्यांच्या हातचं पाणी प्यायचं, म्हणून गावाने त्यांचं नाव टाकीवाले पाडलं होतं. टेकडीवरच्या फिल्टर हाऊसमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. नदीचं पाणी तिथे यायचं ते वाट चुकलेल्या जनावरासारखं, अंगाला चिखल, पोटात पालापाचोळा. टाकीवाल्यांच्या हाताखालून निघालं की ते असं व्हायचं की पेला भरला तरी रिकामाच वाटावा. तुरटी किती, क्लोरीन किती, उन्हाळ्यात तलावावर हिरवी साय धरली तर मोरचूद किती, हे त्यांना कधी वहीत बघावं लागलं नाही. पाण्यात जिवंत असं काही राहू द्यायचं नाही, ही त्यांची विद्या. तिचा त्यांना ताठा होता आणि तो त्यांना शोभायचा, कारण एकतीस वर्षांत त्यांच्या पाण्याने एकाचंही पोट बिघडलं नव्हतं.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, एका सकाळी, चहाचा कप उचलता उचलता त्यांची बायको खुर्चीतच कलली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. दवाखान्यातून ती तीन आठवड्यांनी घरी आली. डावा हात आणि डावा पाय गेला होता, ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं. जे दिसत नव्हतं ते त्याहून मोठं होतं. तिची अख्खी डावी बाजूच गेली होती. तिचे डोळे चांगले होते. पण डावीकडे काही असतं हेच ती विसरली होती.

ताट पुढे ठेवलं की ती उजवी अर्धी बाजू जेवायची आणि म्हणायची, "आज कोशिंबीर नाही केलीत?"

टाकीवाले ताट गोल फिरवायचे.

"हां, आत्ता वाढलीत."

एक वेणी घातलेली, एक सुटी. कुंकू कपाळाच्या उजव्या अर्ध्यात. हे तिचं तिला कळायचं नाही, आणि सांगितलं तर पटायचं नाही.

सगळ्यात विचित्र होतं ते तिचं वाचन. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. सव्वीस वर्षं. तिच्या नजरेखालून वेलांटीची चूक सुटली असं कधी झालं नाही, आणि घरात कोणी चुकीचं बोललं तरी ती जेवताजेवता दुरुस्त करायची. आता ती वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची तर ओळींची डोकी उडालेली असायची. एकदा तिने नळाच्या पाण्याची बातमी वाचून दाखवली, "पाण्याची गुणवत्ता समाधानकारक." टाकीवाल्यांनी बघितलं तर छापलं होतं 'असमाधानकारक'. त्यांच्यानंतर आलेल्या माणसाने काय दिवे लावले होते, ते एका 'अ'मध्ये होतं, आणि तो 'अ' डावीकडे होता.

"छापलंय बघ नीट."

"सव्वीस वर्षं नीटच बघत आले. तुम्ही मला शिकवणार?"

तिची खाट खिडकीला लावलेली होती. उजवीकडे खिडकी, बाहेर समोरच्या इमारतीची भिंत आणि वाळत घातलेले कपडे. डावीकडे सगळी खोली, दार, औषधांचं कपाट आणि टाकीवाल्यांची खुर्ची. ते तिथे बसायचे. तिचा डावा हात हातात घेऊन बोटं एकेक करून उघडायचे, मिटायचे, सांगितल्याप्रमाणे शंभर वेळा. त्यांची मुलगी लांब राहायची, तिचा फोन यायचा. ती विचारायची, बाबा कुठेत?

"कोण जाणे," बायको म्हणायची. "सकाळपासून दिसले नाहीत. गेले असतील टेकडीवर."

आणि टाकीवाल्यांच्या हातात तिची बोटं असायची. ऐंशी, एक्याऐंशी, ब्याऐंशी.

पहिल्या पहिल्यांदा त्यांची मोजणी चुकायची. मग चुकेनाशी झाली. फार वेळ मांडी घालून बसलं की पायाला आधी कळ लागते, मग मुंग्या येतात, मग पाय लाकडाचा होतो आणि त्याची काही तक्रार राहत नाही. त्यांचं तसं झालं होतं. ते उठायचे, पाणी तापवायचे, तिला पुसायचे, कूस बदलायचे, चादर धुवायचे. शेजारपाजारचे म्हणायचे, काय धीराचा माणूस आहे. धीर वगैरे काही नव्हतं. आत दिवा लावलेलाच नव्हता, मग तो विझणार कसा.

खुर्ची उजवीकडे नेली असती तर ती त्यांच्याशी बोलली असती. पण ते बंद होतं. घरी येऊन व्यायाम करून घेणारी एक मुलगी होती, आठवड्यातून तीनदा यायची. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "उजवीकडून बोलायचं नाही काका. काकूंना डावीकडे वळावंच लागेल असं वागायचं."

"वळली नाही तर?"

"तर उभं नाही करता येणार. पाय धरेल एखादेवेळी, पण ज्या बाजूचं भानच नाही त्या बाजूला माणूस पडतो. दारावर आदळतो." मग तिने आवाज खाली आणला. "पहिल्या सहा महिन्यांत जे परत येतं ते येतं. पुढचं मी खात्रीने नाही सांगू शकत."

तेव्हा साडेतीन महिने झाले होते.

"काहीतरी जिवंत ठेवून बघा त्या बाजूला," ती म्हणाली. "सावकाश हलणारं. टीव्ही नको, तो आदळआपट करतो."

"मी आहे की जिवंत."

"तुम्ही हलत नाही ना काका."

ती हसली. मग म्हणाली, "मासे ठेवा."

बाजाराच्या मागच्या गल्लीत माशांचं दुकान होतं. खायच्या नव्हे, बघायच्या. दुकानदार जाडसर, हळू बोलणारा, प्रत्येक टाकीसमोर जरा वाकून उभा राहणारा. टाकीवाल्यांनी मोजकंच सांगितलं: दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, मासे छोटे, लवकर.

"लवकर नाही होत काका. महिना लागतो."

"पाणी भरायला महिना?"

"पाणी भरायला दहा मिनिटं. पाणी जिवंत व्हायला महिना."

टाकीवाल्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू तो त्यांच्या घराण्याबद्दल काही बोलला. दुकानदाराने एका चालत्या टाकीतला स्पंज बाहेर काढला आणि प्लास्टिकच्या पिशवीत पिळला. तपकिरी, गढूळ, चिखलाचं पाणी पडलं.

"हे घेऊन जा. टाकीत ओता."

"हे? हा गाळ आहे."

"यात जीव आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत. माशांची घाण हे खातात, म्हणून मासे जगतात."

"यांना मारायचाच तर पगार घेत होतो मी एकतीस वर्षं."

"बरं झालं," दुकानदार म्हणाला, "आता थोडे पाळा."

खाटेच्या डाव्या अंगाला, हात लांब केला तर काचेला लागेल इतक्या अंतरावर, टाकीवाल्यांनी लोखंडी टेबल आणून लावलं. पातळीची नळी धरून ते चारही कोपऱ्यांनी सपाट केलं. तळाला काळी दाणेदार माती घातली, मागे चार बोटं, पुढे दोन. बुंध्यासारखं एक वाकडं लाकूड मोठ्या पातेल्यात उकळलं. पाणी चहाच्या रंगाचं झालं, ते फेकलं, पुन्हा उकळलं, तीनदा. नेच्यासारख्या पानांचं झाड मातीत पुरायचं नसतं, त्याचं मूळ कुजतं, म्हणून ते दोऱ्याने लाकडावर बांधलं. गवतासारखी उंच पानं मागच्या बाजूला चिमट्याने एकेक करून रोवली. मातीवर बशी ठेवली आणि त्या बशीवर पाणी सोडलं, म्हणजे माती उसळत नाही. पाणी दोन दिवस बादल्यांत उघडं ठेवलेलं, वर क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे थेंब टाकलेलं, क्लोरीन गेलेलं. जे त्यांनी जन्मभर पाण्यात घातलं होतं ते आता ते पाण्यातून काढत होते. यावर हसता आलं असतं. त्यांना हसू आलं नाही.

शेवटी त्यांनी पिशवीतला तो गाळ ओतला. हात क्षणभर थांबला, मग ओतला.

हवेच्या पंपाला जोडलेला स्पंज बुडबुड करायला लागला. बायकोने खिडकीकडे तोंड करून विचारलं, "नळ चालू राहिलाय का?"

"नळ नाही. टाकी आणलीय."

"कुठे?"

"इथे. डावीकडे बघ."

"बघतेय की." ती वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत होती. "काही नाहीये."

महिनाभर टाकीत एकही मासा नव्हता. पाणी आधी दुधासारखं झालं, मग निवळलं. गवताची पानं कुजून लोळली, टाकीवाल्यांना वाटलं झाडं गेली, आणि दोन आठवड्यांनी मुळापाशी हिरवं टोक दिसलं. ते रोज काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचे. हे काम त्यांच्या हाताला माहीत होतं. अमोनिया, म्हणजे घाणीतून सुटणारं विष, चढला, उतरला, शून्यावर आला. त्यांनी नळी धुवून ठेवली.

मग बारा मासे आले, पेराएवढे, अंगावर निळी रेघ. आणि दहा झिंगे. नखाएवढे, लालभडक, मिशा अंगापेक्षा लांब. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची, तासभर थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घालायचं, म्हणजे त्यांना नव्या पाण्याचा धक्का बसत नाही. टाकीवाल्यांनी दोन तास घेतले. झिंगे मातीवर उतरले आणि लगेच कामाला लागले. पुढच्या इवल्या पायांनी पानं पुसत, लाकूड पुसत, तोंडाकडे नेत, इकडे हात तिकडे हात, जशा बायका तांदूळ निवडतात.

"बघ ना गं," टाकीवाले म्हणाले. त्या महिन्यात त्यांच्या आवाजात तेवढाच एक ओलावा आला होता, आणि तोही त्यांना स्वतःला कळला नाही.

"बघतेय म्हटलं ना! किती वेळा तेच तेच."

खिडकीकडे.

दुकानदाराने सांगितलं होतं, टाकीवरचा दिवा आठ तासच, नाहीतर शेवाळ धरतं. पण दिवा असला तरच टाकी दिसणार, आणि टाकी दिसली तरच ती वळणार. म्हणून टाकीवाले पहाटे उठल्या उठल्या दिवा लावायचे आणि झोपतानाच बंद करायचे. सोळा तास. आणखी पंधरा दिवसांत काचेवर हिरवं धरायला लागलं. त्यांनी ते खरवडलं. चार दिवसांनी परत आलं, दाट. मग पाणीच हिरवं झालं. मासे धुक्यातून चालल्यासारखे दिसायचे, झिंगे दिसायचेच नाहीत.

तशात व्यायामवाली म्हणाली, "सोमवारी मोठे डॉक्टर येणार आहेत काका. उभं करायचं का, ते ठरवतील. नाहीतर चाकाच्या खुर्चीचं माप घेतील."

"माप घेतील म्हणजे कायमचं?"

ती पिशवीची चेन लावत राहिली.

त्या दिवशी शुक्रवार होता. तीन दिवस हातात होते आणि टाकी हिरवी झाली होती. जी दिसत नाही तिच्याकडे कोण वळेल? टाकीवाल्यांनी डोकं चालवलं, म्हणजे एकतीस वर्षं चालवलं होतं तसं. हिरवी साय धरली की काय करायचं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ते रंगरसायनांच्या दुकानात गेले आणि मोरचूद घेऊन आले. निळे, काचेसारखे खडे. हिशेबही त्यांनी चोख केला. टाकीत साठ लिटर पाणी. एक ग्रॅम मोरचूद एक लिटरात विरघळवलं, त्यातलं फक्त तीस मिलिलिटर सुईच्या पिचकारीने मोजून घातलं. एवढ्याने तलावातल्या माशांना काही होत नाही, ते पाणी लोक पितातसुद्धा. गणितात एका थेंबाची चूक नव्हती.

तलावातल्या झिंग्यांचं काय होतं, हे एकतीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दिवा लावला तेव्हा पाणी तितकंसं हिरवं नव्हतं. काच पुसल्यासारखी दिसत होती. आणि काळ्या मातीवर झिंगे आडवे पडले होते. त्यांचा लाल रंग उतरून ते फिकट गुलाबी, शिजल्यासारखे दिसत होते. मासे वर, पाण्याच्या कडेला जमून तोंडं हलवत होते.

टाकीवाले उभे राहिले. मग समजलं. तांबं. मोरचूद म्हणजे तांबंच की.

त्यांना रडू आलं नाही, राग आला नाही. त्यांनी स्वयंपाकघरातून लांब दांड्याचा चमचा आणि एक वाटी आणली. बाह्या वर केल्या आणि एकेक उचलायला सुरुवात केली. मातीला धक्का न लावता चमचा खाली सरकवायचा, उचलायचा, वाटीत. एक. दोन. पाच झाले, सहा झाले. एक लाकडाच्या खोबणीत अडकला होता, तो निघाला. सात. गवताच्या मागे आणखी एक. आठ. आणखी दिसेनात. वाटीतलं ओतून टाकावं म्हणून ते वळले.

"तो नाही का घेत?"

टाकीवाले थांबले.

"कोण?"

"तो तिकडे, पानाखाली. उचलू नका पण. हलतोय तो."

त्यांनी सावकाश मान वळवली. ती खाटेवर टेकून बसली होती आणि तिचं तोंड खिडकीकडे नव्हतं. हनुवटी वळली होती, अवघडलेली, गंजलेल्या कडीसारखी, पण वळली होती. नजर टाकीच्या दूरच्या टोकाला लागली होती. जिथे गवत सर्वांत दाट, तिथे. त्यांनी वाकून बघितलं. नेच्याच्या पानाखाली एक झिंगा होता, कुशीवर, आणि त्याच्या मिशा हलत होत्या. अगदी थोड्या.

"कधीपासून बघतेयस?"

"म्हणजे काय? रोज बघते. दुसरं काय आहे इथे बघायला?" मग तिने कपाळाला आठ्या घातल्या. "दहा होते. तुम्ही आठ काढलेत. दहावा कुठंय?"

टाकीवाल्यांनी हातातली वाटी टेबलावर ठेवली. बोललं तर तिची मान परत फिरेल असं वाटलं, फांदीवर पाखरू बसलं असताना माणूस खोकत नाही, तसं.

"वरती," ती म्हणाली. "त्या स्पंजावर. आंधळे झालात का?"

स्पंजाच्या काळ्या कडेला दहावा चिकटून बसला होता.

मग कामाला सुमार राहिला नाही. कोपऱ्यात दोन बादल्या पाणी मुरत ठेवलेलं होतं, ते देवासारखं उपयोगी पडलं. एका काचेच्या बरणीत ते पाणी घेऊन दोघा झिंग्यांना चमच्याने त्यात सोडलं, हवेच्या नळीला फाटा काढून एक टोक त्यात सोडलं. बरणी टाकीच्या शेजारीच ठेवली. टाकीतलं अर्धं पाणी नळीने मोरीत ओढून काढलं, बशीवरून नवं सोडलं. बादल्या पुन्हा भरल्या, थेंब टाकले, ढवळलं, थांबले, पुन्हा अर्धं काढलं, पुन्हा भरलं. मासे हळूहळू वरून मध्यावर उतरले. टाकीवाल्यांचा सदरा कोपरापर्यंत भिजला, पाठीत उसण भरली. ती बघत होती. मधेच मान सरळ व्हायची, खिडकीकडे जायची, आणि परत यायची. प्रत्येक वेळी परत येताना जरा कमी अवघडायची.

टाकीच्या पलीकडे, खुर्चीपाशी उभं राहून ते नळी गुंडाळत होते, तेव्हा ती म्हणाली, "अहो."

साडेपाच महिन्यांत तिने त्या बाजूला हाक मारली नव्हती.

"काय गं?"

"सदऱ्याचं बटण चुकलंय. वरून दुसरं."

त्यांनी खाली बघितलं. चुकलं होतं. एक घर सोडून लावलं होतं, म्हणून एका बाजूला सदरा लोंबत होता. काल लावलं होतं की परवा, कोण जाणे. बोटं ओली होती, गार पडली होती, बटणं नीट धरता येईनात. ती बघत राहिली.

"खालून सुरू करा," ती म्हणाली.

त्यांनी खालून सुरू केलं.

सोमवारच्या तयारीसाठी म्हणून व्यायामवाली शनिवारीही आली, अकरा वाजता. दारातच चप्पल काढताना तिला ओली फरशी, बादल्या, नळ्या, टेबलावरची ती वाटी दिसली.

"काय झालं काका?"

टाकीवाल्यांनी कोरड्या आवाजात सांगितलं, "झिंगे मेले. माझ्या हातून."

"सगळे नाही मेले," खाटेवरून आवाज आला. "दोन आहेत. बरणीत बघ, इकडे, डावीकडे. यांचं काही ऐकू नकोस, हे सगळंच मेलं म्हणून सांगतात."

व्यायामवालीने एक चप्पल पायात आणि एक हातात अशीच खाटेकडे बघितलं. मग ती आत आली, खिडकीकडून नव्हे तर टाकीच्या बाजूने, आणि काकूंच्या डाव्या हाताशी जाऊन बसली.

"कुठे काकू? मला दाखवा."

टाकीवाले वाटी घेऊन मोरीकडे गेले.